उलट्या दिशेचा धागा

(आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीत डी.एन.ए. नावाचा एक लांबच लांब धागा असतो. हा धागा एवढ्याशा जागेत कसा मावतो, पेशी त्याची नक्कल कशी करते आणि या नकलेतील एक अवघड कोडे जपानमधील एका शास्त्रज्ञ पतिपत्नीने कसे सोडवले, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.)

पतंग उडवायचा म्हणजे नुसता पतंग असून भागत नाही. मांजा हवा आणि मांजा गुंडाळायला फिरकीही हवी. काटाकाटीच्या घाईत कोणी मांजा जमिनीवर तसाच सोडला, तर काय होते हे तुम्हांला ठाऊकच आहे. दोन मिनिटांत त्याचा असा गुंता होतो, की तो सोडवण्यापेक्षा तोडून टाकणे सोपे वाटते. तोच मांजा फिरकीवर नीट गुंडाळला, तर शेकडो मीटर दोरा हातात मावतो आणि हवा तेव्हा सरसर सुटतो.

मुलांनो, आपल्या शरीरातही असाच एक धागा आहे. फरक इतकाच, की त्याचा गुंता झाला तर तो तोडून टाकता येत नाही. त्या धाग्यावर आपले जीवन अवलंबून आहे. त्याचे नाव डी.एन.ए.

पेशीच्या मध्यभागी केंद्रक असते. माणसाच्या पेशीतील केंद्रक साधारण ६ मायक्रोमीटर रुंद असते. अशी दीडशेहून अधिक केंद्रके एका रांगेत ठेवली, तर कोठे १ मिलिमीटर लांबी भरते. आणि या केंद्रकातील सगळा डी.एन.ए. सरळ करून एकापुढे एक ठेवला, तर त्याची लांबी किती होते? सुमारे २ मीटर! तुमच्या वर्गाच्या दाराइतकी. समजा, जादूने केंद्रक टेनिसच्या चेंडूएवढे मोठे झाले आणि धागाही त्याच प्रमाणात वाढला, तर तो सुमारे २० किलोमीटर लांब होईल. तरीही तो डोक्याच्या केसापेक्षा बारीकच राहील. चेंडूत २० किलोमीटर धागा भरायचा, तोही गुंता न होऊ देता! विचार केला, की मती गुंग होते.

हा धागा साधा नाही. तो दोन पदरांचा आहे. पिळलेल्या शिडीसारखे त्याचे रूप आहे. शिडीची ही रचना जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ मध्ये मांडली. त्यासाठी रोझालिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी घेतलेल्या छायाचित्राचा मोठा उपयोग झाला. शिडीची प्रत्येक पायरी दोन अक्षरांची असते. एकंदर अक्षरे चारच : ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. त्यांच्या जोड्या ठरलेल्या आहेत. ॲडेनिनसमोर नेहमी थायमिन येते आणि ग्वानिनसमोर सायटोसिन. माणसाच्या एका पेशीत अशा ६०० कोटींहून अधिक जोड्या असतात. पेशीने कोणते प्रथिन कसे बनवायचे, हे या चार अक्षरांच्या क्रमाने लिहिलेले असते.

आता फिरकीकडे वळू. माणसाच्या पेशीत धाग्याचे ४६ तुकडे असतात. त्यांनाच आपण गुणसूत्रे म्हणतो. प्रत्येक तुकडा हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोन एकत्र येऊन एक छोटेसे रीळ तयार होते. या रिळावर धाग्याचे जवळजवळ पावणेदोन वेढे बसतात. तेवढ्या वेढ्यांत १४७ जोड्या मावतात. मग थोडा मोकळा धागा, पुन्हा एक रीळ, पुन्हा मोकळा धागा, पुन्हा रीळ. धागा रिळाला चिकटून का राहतो? डी.एन.ए.वर ऋण विद्युतभार असतो आणि हिस्टोनवर धन विद्युतभार असतो. विरुद्ध विद्युतभार एकमेकांना ओढतात, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात शिकलाच आहात.

अशा एका रिळाला धाग्यासह न्यूक्लिओसोम म्हणतात. १९७३-७४ च्या सुमारास एडा आणि डोनाल्ड ऑलिन्स या पतिपत्नीने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून हे न्यूक्लिओसोम पाहिले. ते त्यांना दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे दिसले. रीळ कसे बनते, हे रॉजर कोर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडले. माणसाच्या एका पेशीत अशी सुमारे ३ कोटी रिळे असतात. मण्यांच्या या माळेचे पुन्हा लहानमोठे फास पडतात. पेशीचे विभाजन होते त्या वेळी तर ही माळ आणखी घट्ट गुंडाळली जाते. तेव्हा गुणसूत्राची लांबी मूळ धाग्याच्या सुमारे दहा हजारावा भाग एवढीच उरते. आपल्या पाठ्यपुस्तकात गुणसूत्राचे जे जाडजूड चित्र असते, ते या वेळचे असते.

गुंडाळण्याचा आणखी एक फायदा आहे. डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत डी.एन.ए. सारखाच असतो. मग दोन्ही पेशींची कामे निराळी कशी? ज्या पेशीला जो मजकूर वाचायचा असतो, तेथील धागा सैल असतो. नको असलेला मजकूर घट्ट गुंडाळून ठेवलेला असतो. घरात रोजची भांडी हाताशी असतात आणि सणावाराची भांडी माळ्यावर असतात, तसेच हे आहे.

पण धागा नुसता सांभाळून चालत नाही. त्याची नक्कलही करावी लागते. आपण वाढतो, जखम भरून येते, जुनी कातडी जाऊन नवी येते. या प्रत्येक वेळी एका पेशीच्या दोन पेशी होतात. दोघींनाही सगळा मजकूर हवा. म्हणून विभाजनापूर्वी पेशी संपूर्ण डी.एन.ए.ची नक्कल तयार करते.

तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी कातिब पाहिले असतील. संगणक येण्यापूर्वी उर्दू वर्तमानपत्रे आणि पुस्तके कातिब हाताने लिहून काढत. समोर मूळ मजकूर ठेवायचा आणि बोरूने एकेक अक्षर उतरवायचे. पेशीतही असा एक कातिब आहे. ते एक विकर आहे. त्याचे नाव डी.एन.ए. पॉलिमरेझ. अमेरिकेतील आर्थर कोर्नबर्ग यांनी १९५६ मध्ये ते जिवाणूंमधून शोधून काढले. रिळांची रचना मांडणारे रॉजर हे त्यांचेच पुत्र.

नक्कल कशी होते? दुसरे एक विकर धाग्याचे दोन पदर चेन उघडावी तसे उघडत जाते. अक्षरांच्या जोड्या सुटतात. मग पॉलिमरेझ प्रत्येक पदरासमोर त्याच्या जोडीचे अक्षर बसवते. एका धाग्याचे दोन धागे होतात. प्रत्येक धाग्यात एक पदर जुना आणि एक नवा असतो. मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी १९५८ मध्ये प्रयोगाने हे सिद्ध केले.

येथवर सारे सोपे वाटते. पण येथेच शास्त्रज्ञ बुचकळ्यात पडले. धाग्याचे दोन पदर एकमेकांच्या उलट दिशांनी जातात. एक उजवीकडून डावीकडे, तर दुसरा डावीकडून उजवीकडे. तुम्ही उर्दू उजवीकडून लिहिता आणि मराठी डावीकडून, तसेच. तुम्हांला दोन्ही दिशा जमतात. पॉलिमरेझ मात्र एकाच दिशेने लिहू शकते. एका पदरावर त्याचे काम सुरळीत चालते. चेन जसजशी उघडते, तसतसे ते तिच्या मागोमाग लिहीत जाते. परंतु दुसऱ्या पदरावर त्याला चेनीकडे पाठ करून लिहावे लागते. चेन पुढे चालली आहे आणि लेखणी मागे जात आहे! मग हा पदर पुरा होतो कसा?

हे कोडे सोडवले जपानमधील नागोया विद्यापीठातील रेजी ओकाझाकी आणि त्यांच्या पत्नी त्सुनेको ओकाझाकी यांनी.

रेजी यांचा जन्म १९३० मध्ये हिरोशिमा शहरात झाला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी त्या शहरावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा ते १४ वर्षांचे होते. म्हणजे आज तुम्ही आहात तेवढेच. ते वाचले, पण बॉम्बच्या किरणोत्साराचा मारा त्यांच्या शरीराला बसला. पुढे ते नागोयाला शिकले. तेथेच शिकणाऱ्या त्सुनेको यांच्याशी १९५६ मध्ये त्यांचा विवाह झाला. दोघांनी काही काळ अमेरिकेत आर्थर कोर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेत काम केले आणि मायदेशी परतल्यावर हे कोडे हाती घेतले.

त्यांनी असा विचार केला : पूर्ण झालेली नक्कल पाहून काही कळणार नाही. अगदी आताच लिहिलेली अक्षरे पाहिली पाहिजेत. कातिब लिहीत असताना क्षणभर त्याच्या हाती लाल शाई द्यावी आणि लगेच त्याला थांबवावे, म्हणजे त्या क्षणी त्याने काय लिहिले ते लाल दिसेल. ओकाझाकी दांपत्याने जिवाणूंना काही सेकंदांपुरते किरणोत्सारी खुणेचे थायमिन-अक्षर दिले. मग काम एकदम थांबवले आणि खूण असलेल्या पदरांची लांबी मोजली.

उत्तर मिळाले. नवी अक्षरे लांब पदरांत नव्हती; ती आखूड तुकड्यांत होती. एकेक तुकडा एक ते दोन हजार अक्षरांचा होता. जिवाणूंना थोडा जास्त वेळ दिला, की तीच खूण लांब पदरांत दिसू लागे. याचा अर्थ असा, की आधी तुकडे लिहिले जातात आणि नंतर ते जोडले जातात. १९६८ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. त्या तुकड्यांना आज सारे जग 'ओकाझाकी तुकडे' म्हणते.

हे समजणे तुम्हांला मुळीच अवघड नाही. कारण तुम्ही रोज तेच करता. उर्दू ओळ उजवीकडून डावीकडे लिहिता लिहिता मध्येच एखादे साल आले, समजा १९४५, तर तुम्ही काय करता? आकडे डावीकडून उजवीकडे लिहायचे असतात. म्हणून तुम्ही थोडी जागा सोडून पुढे जाता. तेथून १, ९, ४, ५ असे लिहीत मागे येता आणि मग आकड्यांच्या पलीकडे उडी मारून पुन्हा ओळ पुढे नेता. पॉलिमरेझही असेच करते. चेन थोडी उघडू देते, तेवढा तुकडा उलट्या दिशेने लिहिते आणि पुन्हा पुढे उडी मारते. दोन तुकड्यांमधील सांधा लायगेझ नावाचे विकर जोडून टाकते.

जिवाणूच्या पेशीत केंद्रक नसते आणि अशी रिळेही नसतात. माणूस, प्राणी, वनस्पती, यीस्ट यांच्या पेशींत केंद्रक असते. या पेशींतील ओकाझाकी तुकडे बरेच आखूड, साधारण दीडशे ते दोनशे अक्षरांचे असतात. हा आकडा ओळखीचा वाटतो ना? एक रीळ आणि त्याच्या शेजारचा मोकळा धागा मिळून साधारण एवढीच लांबी होते. हा योगायोग नाही. न्यूयॉर्कमधील शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये यीस्टवर प्रयोग करून दाखवले, की तुकड्यांची लांबी नव्याने बसणाऱ्या रिळांवर ठरते. नक्कल पुढे सरकत असते आणि तिच्या मागोमाग रिळे बसत असतात. जुनी रिळे दोन्ही धाग्यांत वाटली जातात आणि कमी पडतील तेथे नवी येतात. धागा क्षणभरही मोकळा पडू द्यायचा नाही, अशी ही व्यवस्था आहे.

रिळे सोडवत जायचे म्हणजे वेळ लागणारच. जिवाणूचे पॉलिमरेझ सेकंदाला सुमारे १,००० अक्षरे लिहिते. आपल्या पेशीतले फार तर ५० लिहिते. आपल्या सर्वांत मोठ्या गुणसूत्रात सुमारे २५ कोटी जोड्या आहेत. मधोमध सुरुवात करून दोन्ही बाजूंना लिहीत गेले, तरी काम संपायला २९ दिवस लागतील. प्रत्यक्षात पेशी ते सुमारे ८ तासांत संपवते. कसे? ती एका ठिकाणी सुरुवात करत नाही. सर्व गुणसूत्रांवर मिळून हजारो ठिकाणी हे काम चालू होते. लग्नघरी पंगत मोठी असली, की वाढणारेही पुष्कळ लागतात, तसेच.

एवढ्या घाईत चुका होत नाहीत का? होतात. पॉलिमरेझकडून साधारण लाखात एक अक्षर चुकते. पण पुढे जाण्यापूर्वी ते आपले अक्षर तपासते. चुकले असेल, तर खोडून पुन्हा लिहिते. त्यातूनही निसटलेली चूक शोधायला निराळी प्रथिने डोळ्यांत तेल घालून फिरत असतात. शेवटी १०० कोटी अक्षरांत जेमतेम एखादी चूक उरते. एक अक्षर म्हणजे क्षुल्लक गोष्ट, असे मात्र समजू नका. सिकलसेल या आजारात रक्तातील हिमोग्लोबिनच्या मजकुरात ॲडेनिनच्या जागी थायमिन आलेले असते. एवढ्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आईवडील दोघांकडून हे बदललेले अक्षर आलेल्या मुलांना जन्मभर त्रास सोसावा लागतो. आपल्या राज्यात विदर्भात आणि नंदुरबार भागात अशी अनेक कुटुंबे आहेत.

बाहेरून होणारा मारा आणखी वाईट असतो. किरणोत्साराने धागा तुटतो. तुटलेली टोके पेशी जोडते. पण केव्हा केव्हा ती चुकीची जोडली जातात. ही चूक वर्षानुवर्षे नकलेतून नकलेत उतरत राहते आणि एके दिवशी कर्करोगाच्या रूपाने डोके वर काढते. हिरोशिमातील त्या १४ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तेच घडले. ज्या धाग्याचे कोडे रेजी यांनी सोडवले, तो धागा त्यांच्याच शरीरात दुखावलेला होता. त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. १ ऑगस्ट १९७५ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी ते निधन पावले.

त्सुनेको यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. संशोधनही अर्धवट होते. प्रत्येक तुकड्याची सुरुवात कशी होते, हा प्रश्न बाकी होता. त्यांनी ते काम सोडले नाही. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी आर.एन.ए.चा एक इवलासा भाग असतो आणि मागाहून तो काढून टाकला जातो, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. पुढे जपान सरकारने २०२१ मध्ये त्यांना 'ऑर्डर ऑफ कल्चर' हा मोठा सन्मान दिला.

तुम्ही हा पाठ वाचत असताना तुमच्या शरीरात लाखो पेशी नक्कल करत आहेत. चेन उघडते आहे, तुकडे लिहिले जात आहेत, सांधे जुळत आहेत, रिळे बसत आहेत. पुढच्या वेळी उर्दूच्या वहीत एखादे साल लिहिताना तुमचा हात क्षणभर उलट्या दिशेने जाईल, तेव्हा नागोयाच्या त्या दोघांची आठवण ठेवा.

शब्दार्थ

केंद्रक – पेशीच्या आतील गोल भाग, ज्यात गुणसूत्रे असतात
पदर – धाग्याची एक बाजू, एक सर
रीळ – ज्यावर दोरा गुंडाळतात ती वस्तू
विकर – पेशीतील क्रिया घडवून आणणारे प्रथिन
नक्कल – मुळाप्रमाणे तयार केलेली प्रत
बोरू – लिहिण्याची वेताची लेखणी
सांधा – दोन भाग जुळतात ती जागा
किरणोत्सार – काही पदार्थांतून बाहेर पडणारे भेदक किरण
दांपत्य – पतिपत्नी
क्षुल्लक – अगदी लहान, किरकोळ

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) माणसाच्या एका पेशीतील डी.एन.ए.ची एकूण लांबी किती असते?
(२) एका रिळावर अक्षरांच्या किती जोड्या गुंडाळलेल्या असतात?
(३) डी.एन.ए. पॉलिमरेझ कोणी शोधून काढले?
(४) तुकड्यांमधील सांधे कोणते विकर जोडते?

प्र. २. कारणे लिहा.
(१) धागा हिस्टोनच्या रिळाला चिकटून राहतो.
(२) एका पदराची नक्कल तुकड्यातुकड्यांनी करावी लागते.
(३) पेशी हजारो ठिकाणी एकाच वेळी नक्कल सुरू करते.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) ओकाझाकी दांपत्याने आपला प्रयोग कसा केला?
(२) उर्दू ओळीत साल लिहिणे आणि पॉलिमरेझचे काम यांत कोणते साम्य आहे?
(३) 'एक अक्षर म्हणजे क्षुल्लक गोष्ट नव्हे', हे पाठाच्या आधारे पटवून द्या.

प्र. ४. पुढील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
मती गुंग होणे, बुचकळ्यात पडणे, डोळ्यांत तेल घालून काम करणे, डोके वर काढणे, दुःखाचा डोंगर कोसळणे.

प्र. ५. अनेकवचन लिहा.
धागा, पेशी, रीळ, तुकडा, चूक.

उपक्रम : दोन रंगांचे दोरे आणि आठ-दहा मणी घेऊन न्यूक्लिओसोमच्या माळेची प्रतिकृती तयार करा व वर्गात तिची माहिती मराठीतून सांगा.